नव्या नवरीची पात

लोणावळ्याच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस मला एक खोली मिळत असे. इतर दिवशी त्या खोलीत लहान मुलांना देवी टोचत. त्यामुळे दारातून आत येणारं प्रत्येक पोर माझ्याकडे पाहून आधी रडायचं, आणि मग मी दंड धरत नाही असं कळल्यावर गप्प व्हायचं. मी पुण्याच्या मनोरुग्णालयात नोकरीला होतो. मावळातल्या रोग्यांनी पुण्याला खेटे घालण्यापेक्षा डॉक्टरनेच तिकडे जावं, असं सत्तरच्या सुमारास वरच्यांच्या मनात आलं. मी सगळ्यांत तरुण आणि बिनलग्नाचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. येताना चिक्कीचा पुडा आणायचा, म्हणजे घरच्यांना वाटायचं की पोरगा हवा खायला जातो.

खोलीवर पाटी नव्हती. पाटी लावली असती तर कुणी आलं नसतं. खोकलेवाले, तापवाले, जखमा बांधून घेणारे यांच्याच रांगेत माझे लोक बसायचे, आणि कुणी विचारलंच तर सगळे एकच उत्तर द्यायचे, "झोप लागत न्हाई." ज्याला झाडावरून शिव्या ऐकू यायच्या त्यालाही झोप लागत नसे, आणि जी बाई सहा महिने अंथरुणातून उठली नव्हती तिलाही झोपच लागत नसे. मला ते सोयीचं होतं. सगळ्यांची अब्रू त्या एका वाक्यात झाकली जायची.

शिमगा होऊन गेल्यावर एक दिवस दोन बायका आल्या. त्या औंढे गावापलीकडच्या एका वाडीतल्या सख्ख्या जावा होत्या. थोरली पुढे, काटक, कडेवर रांगतं पोर. मागे धाकटी, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, ओठ हलताहेत पण आवाज नाही. रांगेतल्या एका म्हातारीने थोरलीला सवयीने विचारलं, "झोप लागत न्हाई का गं हिला?"

"झोप लय लागती," थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "येडी झालीया. बरी करायला आणलीया."

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. मी दारात उभा होतो. इतक्या उघड्या आवाजात तो शब्द त्या ओसरीवर आधी कुणी उच्चारला नव्हता. त्यात हिणवणं नव्हतं. पाय मोडला म्हणावं तसं तिने ते सांगितलं होतं.

आत आल्यावर सगळं तिनेच सांगितलं. कडेवरचं पोर धाकटीचं. बाळंतपणानंतर धाकटीचं काहीतरी बिनसलं. तिला रडण्याचा आवाज येऊ लागला. पोर थोरलीच्या कुशीत झोपलेलं असायचं, तरी हिला रडणं ऐकू यायचं. गेल्या वर्षीच्या आवणीत, म्हणजे भाताची रोपं लावतात तेव्हा, हद्द झाली. वाडीतल्या एका मावशीचं भाताचं खाचर दिवसभर खपून लावून झालं होतं. बायका बांधावर भाकरी खायला बसल्या. धाकटी उठून परत चिखलात उतरली आणि तिने लावलेली रोपं उपटायला सुरुवात केली. बायका धावेपर्यंत अर्धं खाचर मोकळं झालं.

"का उपटलीस?" मी धाकटीला विचारलं.

ती पहिल्यांदाच बोलली. "रडत व्हती. आईपासून तोडल्याली."

दाढीतून, म्हणजे रोपवाटिकेतून, उपटून आणलेली ती कोवळी रोपं तिला रडताना ऐकू आली होती.

"आन् मग त्ये अर्धं खाचर कुनी लावलं?" थोरलीने मला विचारलं, आणि उत्तर स्वतःच दिलं. "म्या. दिवे लागणीपत्तोर. मावशी बांधावर बसून शिव्या घालत व्हती, आन् मी लावत व्हते. तिच्या शिव्या संपल्या, तवा माझं खाचर संपलं."

तिकडे आवणी एकट्या घराच्या बळावर होत नाही. पावसाचे मोजके दिवस असतात आणि रोपं वाट पाहत नाहीत. म्हणून वाडीतली घरं सावड करतात. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. ज्या घरातून जितके हात येतात, तितकेच हात त्या घराला परत मिळतात. या घरातून दोन सुनांचे हात जात. धाकटीला कुणी रांगेत घेईना, तर घराला एकच हात उरणार होता. तेवढ्यात सगळी खाचरं लावून होणार नव्हती. सासऱ्यांनी, त्यांना सगळे आबा म्हणत, स्पष्ट सांगितलं होतं की येत्या आवणीत धाकटी रांगेत उभी राहिली तर ठीक, नाहीतर तिला कायमची माहेरी पोचवायची आणि पोराच्या बापाला दुसरी बघायची. बाप रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता. तो घाटात कामावर राही आणि वडिलांपुढे बोलत नसे.

म्हणजे माझ्यापुढे जे होतं ते एवढंच होतं. पाऊस पडून रोपं हातभर व्हायच्या आत ही बाई रांगेत उभी राहायला हवी होती.

मी गोळ्या सुरू केल्या. महिना-दीड महिन्यात रडणं थांबलं. मी इतका खूश झालो की पुण्यात दोन-तीन जणांना ही केस रंगवून सांगितली. धाकटी आता हात मांडीवर ठेवून शांत बसायची. पदर मागे सरकला होता. चेहऱ्यावर काही हलत नव्हतं, पण मोठ्या इस्पितळात शिकलेल्या माणसाला शांत रोगी म्हणजे बरा रोगी असंच वाटतं. तिथे शंभर खाटांच्या दालनात जो ओरडत नाही त्याच्याकडे कोण पाहतो?

थोरलीला मात्र तसं वाटत नव्हतं. "डाक्टर, आवाज गेलं, खरं हाय," ती म्हणाली. "पर त्यांच्यासंगं हीबी कुटं तरी गेली. चालती तर पाय वढत चालती. भाकरी थापाया बसली तर हात असा हलतो." तिने हात थरथरवून दाखवला.

"थोडे दिवस थांबा," मी म्हणालो.

ही थरथर आणि हे ताठरणं गोळीचं आहे, हे मला माहीत होतं. त्यावरची छोटी पांढरी गोळी माझ्या कपाटात होती. मूळ गोळी कमी करता आली असती, सकाळची रात्रीवर नेता आली असती. मी काहीच केलं नाही, कारण मी भ्यालो होतो. रडणं परत सुरू झालं तर माझं यश जाईल, ही ती भीती होती. तिच्या हातांना कसलं काम करायचं आहे हे मला सांगून झालं होतं, तरी मी तिचे हात पाहिले नव्हते. आता पन्नाशीला आल्यावर हे लिहिताना ती खोली माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते आणि मान खाली जाते.

उन्हाळ्यात थोरली स्टेशनाच्या फलाटावर करवंदं-जांभळं विकायला बसायची. मुंबईकडचे प्रवासी गाडीच्या खिडकीतून हात काढून द्रोण घ्यायचे. दवाखान्याच्या दिवशी ती धाकटीला शेजारी बसवायची, टोपली रिकामी झाली की माझ्याकडे आणायची, आणि एक द्रोण हमखास माझ्या टेबलावर ठेवायची. "डाक्टरला बी झोप लागाया पायजे," म्हणायची.

मृगाच्या तोंडावर तिने असाच द्रोण ठेवला आणि अंमळ चाचरत विचारलं, "आवणीपुरती गोळी बंद ठिवली तर चालंल का वो? हात सुटा झाला असता."

माझा पारा चढला. का चढला ते आज कळतं. माझ्याच चुकीवर तिने बोट ठेवलं होतं. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "गोळी बंद केलीत तर परत माझ्याकडे आणू नका! मग बसा रोपं उपटत!"

दार उघडं होतं. रांगेने ऐकलं. धाकटीनेही ऐकलं.  थोरलीने गोळ्यांची पुडी कनवटीला लावली, जावेच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती निघाली. करवंदांचा द्रोण त्या दिवशी टेबलावर तसाच ठेवून मी गाडी पकडली.

त्यानंतर दोघी आल्याच नाहीत. पाऊस लागला, आठवडे गेले. मला खात्रीच झाली की गोळ्या बंद झाल्या. एक दिवस काम लवकर आटोपलं, तेव्हा मी छत्री आणि पिशवीत थोडी औषधं घेऊन वाडीची वाट धरली. खरं सांगायचं तर काळजीपेक्षा माझं म्हणणं खरं करून दाखवण्याची घाई जास्त होती.

औंढे ओलांडल्यावर खाली खाचरं दिसू लागली. छत्री कधीच उलटी झाली होती. एका खाचरात बायकांची रांग वाकलेली होती. प्रत्येकीच्या पाठीवर पानांचं इरलं, त्यामुळे माणसं दिसत नव्हती, नुसती इरली मागे मागे सरकत होती. रोप लावणारी पुढे जात नाही, एकेक पाऊल मागे येते आणि समोर हिरवं होत जातं. प्रत्येकीच्या वाट्याला जी पट्टी येते तिला पात म्हणतात.

"आलं बगा डाक्टर, रागवाया!" एका इरल्याखालून थोरलीचा आवाज आला. "या. हितं रांगंत बसाया नगं, लगेच नंबर लागंल."

सगळी रांग हसली.

"गोळ्या बंद केल्यात ना?" मी बांधावरूनच ओरडलो.

ती सरळ झाली, चिखलाचे हात कमरेवर ठेवले. "रोज घालते. तुमी सांगितलं न्हवं का? ही आवणी हाय, तिकडं यायला सवड कुटली? पुडी संपली की तुमी नसताना दवाखान्यातल्या कंपाउंडरकडनं वाडीतलं पोर पाठवून नेली. इचारा त्याला."

मी ज्यावर रागवायला इतका भिजत आलो होतो ते घडलंच नव्हतं. आणि मग मला धाकटी दिसली. ती रांगेतच होती. थोरलीच्या आणि दुसऱ्या एका बाईच्या मधे. तिची पात इतरांच्या निम्मी होती. ती एक रोप लावायची तोवर शेजारणींची तीन होत. अंगठ्याखालून रोप निसटायचं, हात थरथरायचा, ती पुन्हा खोचायची. तिचं मागे राहिलं की थोरलीचा डावा हात तिच्या पातीत जायचा आणि पटापट दोन रोपं लावून परत यायचा. पलीकडची बाईही तेच करत होती. कुणी बोलत नव्हतं, रांग कुठे तुटत नव्हती.

भाकरीला बसल्यावर थोरलीने मला ते समजावलं. त्या वाडीत नवी नवरी पहिल्या आवणीला रांगेत उतरते तेव्हा तिला मधे घेतात आणि अरुंद पात देतात. दोन्हीकडच्या बायका तिचं काम उचलतात. पुढच्या वर्षीपासून तिला तिची पूर्ण पात. तर थोरली आवणीआधी घरोघर गेली होती आणि तिने जावेसाठी नव्या नवरीची जागा मागितली होती.

"बायका म्हनल्या, कडंवर पोर आन् नवी नवरी? म्हनलं, व्हय. जुनी हरवली व्हती, पुन्ना आणलीया. तवा नवीच की."

"आणि सावडीचं? तिचा हात अर्धाच भरतो ना?"

"माझी पात दीड घेतलीया," ती म्हणाली. "माझा दीड आन् हिचा अर्धा. दोन झालं. आबांचा काय तोटा न्हाई, वाडीचा बी न्हाई." आणि भाकरी मोडताना तिला कमरेत इतकी कळ आली की तिने डोळे मिटून घेतले. मग हसून म्हणाली, "रातच्याला हीच माझी पाठ तुडवती. हात हालतो, पर पाय हालत न्हाई हिचा."

आबा पलीकडे घोंगडीखाली बसून ऐकत होते. ते म्हणाले, "डाक्टर, मला सून नकोशी न्हाई. पर एका जावेनं किती वढायचं? थोरली मोडली तर मग काय करू? अजून मावशीचं खाचर ऱ्हायलंय. तिनं हिला उतरू दिली आन् धड लावलं, तर मी पुन्ना माहेराचं नाव काढनार न्हाई. आन् तितं जर का काय झालं, तर मग मला कुनी काय सांगू नगा."

मी धाकटीचे हात माझ्या हातात घेतले. पहिल्यांदाच. ते ताठ होते, आणि अंगठा आपोआप बोटांवर घासत होता. मग मी थोरलीला सगळं खरं सांगितलं. ही थरथर गोळीची आहे. ती मला आधीच थांबवता आली असती. सकाळची गोळी बंद करून रात्रीची कमी ठेवता येईल, आणि सोबत ही पांढरी देता येईल. पण त्यात धोका आहे.

"कसला धोका?"

"रडणं परत ऐकू येऊ शकतं. ही परत उपटू शकते."

आधी का सांगितलं नाही, असं तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. पांढऱ्या गोळ्या तळहातावर घेऊन पाहिल्या, जावेकडे पाहिलं. "काय गं? घ्यायची ही?"

धाकटी हळू म्हणाली, "हात पायजेत."

"मग झालं," थोरली म्हणाली. "उपाटलं तर मी हायेच. गेल्या साली लावलं, औंदाबी लावीन. तुमी भिऊ नगा, डाक्टर."

मी भ्यालो होतो हे तिला इतकं सहज कसं कळलं, कुणास ठाऊक. परत जाताना भर पावसात माझे कान तापले होते. त्यानंतर मी नोकरीत होतो तोवर प्रत्येक रोग्याला आधी विचारायचो, तुम्ही हाताने काय काम करता? शिंपी असो, गँगमन असो, चिक्कीच्या कढईवरचा माणूस असो. ते उत्तर ऐकूनच गोळीचा आकडा ठरवायचो. हे शहाणपण माझं नव्हतं. एका बाईने दीड पात ओढली होती त्यातून ते मला मिळालं होतं.

पुढच्या आठवड्यात, मावशीच्या खाचराच्या दिवशी, मी पुन्हा गेलो. रांग बांधावर थांबली होती. मावशी, बोळक्या तोंडाची आणि तिखट जिभेची, बांधाच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभी होती. थोरलीच्या कडेवरचं पोर आता आबांच्या घोंगडीत होतं.

"नवी नवरी हाय म्हनं," मावशी धाकटीला म्हणाली. "मंग नवरीसारखी ये. नाव घे आन् उतर. फुकटात न्हाई उतरू द्यायची माझ्या खाचरात."

 जी बाई महिनोन्महिने दोन शब्दांपलीकडे काही बोलली नव्हती, तिने उखाणा घ्यायचा? थोरली काही सुचवायला पुढे झाली, पण मावशीने काठी तिच्याकडे वळवली. "तू गप. लय बोलतीस."

धाकटी खाली चिखलाकडे पाहत राहिली. पाणी साचलं होतं आणि त्यात ढग हलत होते.  मग तिने नवऱ्याचं नाव घेऊन, न अडखळता, उखाणा पुरा केला:

"चिखलात लावते रोप, पान्यात दिसतं आभाळ,
—चं नाव घेते, जाऊबाई, मला संबाळ."

बायकांनी एकच गलका केला. थोरलीने तोंड फिरवलं आणि उगाचच इरलं नीट करू लागली. मावशीने काठी बाजूला घेतली.

रांग उतरली. धाकटीचा हात आता फारसा थरथरत नव्हता. तिची पात अजून अरुंदच होती, पण थोरलीला तिच्यात क्वचितच हात घालावा लागत होता. मी बांधावर उभा राहून रोपं मोजल्यासारखं तिच्या बोटांकडे पाहत होतो. निम्मं खाचर हिरवं झालं.

आणि धाकटी एकाएकी थांबली. मान कलती करून तिने समोरच्या लावलेल्या ओळीकडे पाहिलं. काहीतरी ऐकावं तसं. मग वाकली आणि तिने एक रोप उपटलं.

सगळी रांग जागच्या जागी थांबली. मावशी बांधावर उठून उभी राहिली. आबा उठले. गोळी कमी केली ती मी, हे एकच माझ्या डोक्यात घुमू लागलं. थोरलीने मात्र हात पुढे केला नाही, जावेला धरलं नाही. ती वाकलेलीच राहिली आणि नुसतं विचारलं, "काय झालं गं?"

धाकटीने रोप तिच्यापुढे धरलं. "ह्ये तुमचं हाय, जाऊबाई. तरंगाया लागलं व्हतं." आणि ते तिने थोरलीच्या पातीत, अंगठ्याने नीट दाबून, पुन्हा लावलं.

आणि रांग अशी फुटली की बायका हसून हसून चिखलात बसल्या. "थोरलीचं रोप तरंगलं गंऽ!" कुणीतरी ओरडलं. थोरली स्वतःच सगळ्यांत जास्त हसत होती आणि हसता हसता चिखलाच्या मनगटाने डोळे पुसत होती.

मावशी मात्र हसली नाही. तिने काठी रोखली. "थोरले, तुझं रोप तरंगतंय, ही ते लावतीया, आन् हिला नवरी म्हनून मधी दाबून धरतीस? सरक बाजूला. हिची पात हिला दे."

 आबा पोराला घोंगडीत घेऊन परत खाली बसले.

थोरली हातभर बाजूला सरकली. धाकटी आपल्या पुऱ्या पातीत मधोमध आली. रांग पुन्हा वाकली आणि एकेक पाऊल मागे येऊ लागली. त्या आवणीत पहिल्यांदाच थोरलीचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या पातीत होते.